पूर नदीचा की ओढ्याचा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात पुण्याची मुठा आणि तिला मिळणारे ओढे यावर एक छोटं टिपण लिहिलं होतं आणि शेवटी सहज म्हटलं होतं की प्रश्न असतील तर पाठवा. एवढे प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं मुद्दाम काढलीत, फक्त कोण कुठल्या भागातलं ते ठेवलंय, कारण पुराच्या बाबतीत माणूस कुठे राहतो यावरच सगळं ठरतं.

ताई, आम्ही पद्मावतीला राहतो. नदी आमच्यापासून बरीच लांब. तरी २०१९ ला आमच्या पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या. त्या रात्री मुठेला पूर आलाय असं काही कुठे ऐकलं नव्हतं. मग एवढं पाणी आलं कुठून? (पद्मावती)

तुमच्याकडे आलं ते आंबील ओढ्याचं पाणी. हा प्रश्न मी सगळ्यात आधी घेतलाय कारण पुण्यात निम्म्या लोकांना वाटतं की नदीपासून लांब म्हणजे पुरापासून लांब, आणि तसं अजिबात नाहीये.

आंबील ओढा कात्रजच्या डोंगरात सुरू होतो. भिलारेवाडीच्या बाजूचं, घाटाखालचं सगळं पाणी कात्रजच्या तलावांत येतं, तलाव भरले की सांडव्यावरनं खाली, मग पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर असं करत पर्वतीच्या पायथ्याशी, तिथून दांडेकर पुलाखालनं पुढे जाऊन मुठेला. एरवी त्यात गुडघाभर काळं पाणी असतं आणि लोक त्याला गटारच म्हणतात. पण उतार बघा ना, कात्रजचा घाट आणि दांडेकर पूल यांच्या उंचीत केवढा फरक आहे, वरती तासाभर झोडपून पाऊस पडला की ते पाणी खाली यायला फार वेळ लागत नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री नेमकं हेच झालं. पाऊस शहरावर आणि कात्रजच्या डोंगरावर पडत होता, धरणांचा त्यात काही संबंध नव्हता. तलाव वाहायला लागले, ओढा चढला, आणि रात्रीची वेळ असल्यामुळे लोकांना कळलं तेव्हा पाणी दारात होतं. त्या रात्रीत पुण्यात आणि आसपास वीसच्या वर माणसं गेली. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून त्याखाली माणसं सापडली. गोठ्यात बांधलेली जनावरं दावणीलाच गेली.

माझी मावसबहीण तेव्हा अरण्येश्वरच्या बाजूला तळमजल्यावर राहायची. ती सांगते, दारातनं पाणी आलंच नाही आधी, मोरीच्या जाळीतनं बुडबुडे यायला लागले, तिला वाटलं ड्रेनेज तुंबलं म्हणून ती पोछा घेऊन बसली, आणि दहा मिनिटांत पाणी ओट्याखाली आलं आणि गॅसचा सिलिंडर आडवा होऊन तरंगायला लागला. मोरीतनं उलटं पाणी येणं ही ओढा चढल्याची अगदी पहिली खूण आहे हे तिला तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं, आम्हालाही माहीत नव्हतं, म्हणून इथे लिहितेय. मोरीतनं किंवा संडासाच्या भांड्यातनं उलटं पाणी यायला लागलं आणि बाहेर धो धो पाऊस असेल तर पोछा टाका, मेन स्विच बंद करा आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन आधी वर जा.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हे नीट समजणार नाही. आज आंबील ओढा जिथनं वाहतो ती त्याची मूळ वाट नाहीच. पूर्वी तो पर्वतीकडनं सरळ खाली, आजच्या बाजीराव रस्त्याच्या आसपासनं गावाच्या पश्चिम कडेनं नदीला मिळायचा असं जुन्या पुण्याचे जाणकार सांगतात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीखाली बांध घालून तळं केलं, तेच ते तळ्यातल्या गणपतीचं तळं, म्हणजे आजची सारसबाग, आणि ओढ्याची वाट पश्चिमेकडे वळवली. त्यामुळे शहराला वाढायला जागा मिळाली आणि सदाशिव पेठेसारखी वस्ती तिथे उभी राहिली. त्याच काळात वरती कात्रजला तलाव बांधून तिथनं दगडी नळानं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं, काळा हौद, फडके हौद, सदाशिव हौद ही नावं तुम्ही ऐकली असतीलच. त्या नळाला ठिकठिकाणी हवेसाठी उच्छ्वास ठेवलेत, काही आजही दिसतात. मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते, की त्या लोकांनी ओढा वळवला तरी त्याला वाहायला दुसरी मोकळी वाट ठेवली आणि वरचं पाणी तलावात अडवून वापरात आणलं. आपण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ती वाट दोन्ही बाजूंनी खात आलोय.

हिशोबच करायचा तर असा करा. एक चौरस किलोमीटर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते होतं १० कोटी लिटर पाणी. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दहा हजार टँकर. पूर्वी डोंगरउतारावर माती होती, गवत होतं, शेतं होती, त्यातलं बरंच पाणी जिरायचं आणि उरलेलं सावकाश यायचं. आता तिथे स्लॅब आहेत, डांबर आहे, पेव्हर ब्लॉक आहेत, त्यामुळे जवळजवळ सगळे टँकर एकाच वेळी खाली निघतात आणि ज्या पात्रातनं त्यांनी जायचं ते मात्र आधीपेक्षा अरुंद झालंय.

मी आठवीत आहे. भूगोलात उपनदी शिकवली. मग ओढा आणि नाला म्हणजे काय? आमच्याजवळ नागझरी आहे तिला सगळे नालाच म्हणतात. (सोमवार पेठ)

बाळा, छान विचारलंस. मोठ्या नदीला येऊन मिळणारी छोटी नदी ती उपनदी, जशी मुठेला वरच्या बाजूला आंबी आणि मोसे मिळतात. ओढा म्हणजे त्याहून लहान प्रवाह, कधी बारमाही, कधी पावसाळ्यापुरता. नाला हा शब्दही जुना आहे आणि त्याचा अर्थ घाण पाणी असा मुळीच नव्हता, भैरोबा नाला, माणिक नाला ही प्रवाहांचीच नावं आहेत. आपण त्यात सांडपाणी सोडलं आणि मग नाला म्हणजे गटार असं डोक्यात बसलं. तुझ्या नागझरीच्या नावातच झरी आहे बघ, आणि तिच्या जवळच नागेश्वराचं जुनं देऊळ आहे, आईबाबांबरोबर जाऊन ये. तुझ्या पेठेच्या वाट्याला पूर्वेकडची ही नागझरी आणि पलीकडच्या पेठांच्या वाट्याला आंबील ओढा, जुनं पुणं या दोन ओढ्यांच्या आणि मुठेच्या मधेच वसलं.

आम्ही सिंहगड रोडला एकतानगरी भागात. जुलै २०२४ ला पहाटे पाणी आलं, आम्हाला काही कळलंच नाही. धरणं पूर अडवायला असतात ना? मग धरणातनं सोडलेल्या पाण्यानंच पूर कसा येतो? आणि क्युसेक क्युसेक म्हणतात ते नेमकं किती? (सिंहगड रोड)

तुमचा राग अगदी खरा आहे. पाणी सोडलंय हे शेवटच्या घरापर्यंत पोचलं नाही तर त्या सूचनेचा उपयोग काय.

आधी क्युसेक. एका सेकंदाला एक घनफूट पाणी म्हणजे एक क्युसेक, साधारण २८ लिटर. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातनं विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास गेला होता, म्हणजे सेकंदाला सुमारे दहा लाख लिटर. टीव्हीवर खाली पट्टी फिरते तेव्हा हा आकडा नुसता आकडा वाटतो, पण हे पाणी विठ्ठलवाडीच्या, एकतानगरीच्या, निंबजनगरच्या बाजूनं जातं तेव्हा तिथल्या तळमजल्यांना तो कळतो.

आता धरणाचं. मुठेच्या खोऱ्यात चार धरणं आहेत. टेमघर साधारण ३.७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी), वरसगाव १२.८, पानशेत १०.६ आणि सगळ्यात खाली, शहराच्या तोंडाशी, खडकवासला, ते फक्त १.९७ टीएमसी. वरच्या तिन्ही धरणांचं पाणी खडकवासल्यात येतं आणि शिवाय मधल्या डोंगरांचं येतं ते वेगळंच. खडकवासला हे म्हणजे मोठ्या टाक्यांच्या खाली ठेवलेली बादली आहे. ३५ हजार क्युसेकनं पाणी आत येत राहिलं तर साधारण आठ तासांत एक टीएमसी भरतो, म्हणजे अख्खं रिकामं खडकवासला पंधरा-सोळा तासांत काठोकाठ. आणि पावसाळ्यात ते रिकामं नसतंच, कारण शहराला प्यायला तेच पाणी आहे. म्हणून घाटात जोराचा पाऊस झाला की खडकवासल्यातनं आलं तेवढं सोडावंच लागतं, त्याला दुसरा इलाज राहत नाही.

पण इलाज आधी असतो. पाऊस पडायच्या आधी थोडंथोडं सोडून जागा करून ठेवणं, आणि सोडायच्या आधी लोकांना वेळ देणं. खडकवासल्यावरनं निघालेलं पाणी तुमच्यापर्यंत यायला जो वेळ लागतो तेवढाच तुमच्या हातात असतो. आपल्या सोसायटीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप नुसता विसर्गाच्या आकड्यांसाठी ठेवा, पावसाळ्यात पाटबंधारे खातं आणि महापालिका आकडे टाकत असतात, रात्रीसाठी दोन-तीन जणांची पाळी लावा. हे काम सरकारचं आहे हे मलाही मान्य आहे, तरीही करा, कारण गाड्या वर नेणं, म्हाताऱ्यांना हलवणं, लिफ्ट बंद करणं याला तासभर तरी लागतो.

आणखी एक, तुमच्याकडे नदी आणि ओढे दोन्ही एकत्र त्रास देतात. नदी भरून वाहत असली की छोट्या नाल्यांना नदीत शिरायला जागाच राहत नाही, त्यांचं पाणी उलटं फिरतं, फुगवटा येतो. तिकडे खाली संगमाला मुळेलाही पूर असेल तर मुठेचं पाणीसुद्धा तसंच तुंबतं. त्यामुळे विसर्ग कमी केला तरी पाणी लगेच उतरत नाही, लोक म्हणतात आकडा खाली आला मग पाणी का हलत नाही, तर ते यामुळे.

ब्लू लाइन, रेड लाइन म्हणजे काय? बिल्डर म्हणतो आमची जागा "ब्लू लाइनच्या बाहेर" आहे, म्हणजे सेफ ना? (वारजे)

निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतनं एकदा येऊ शकेल अशा पुराचं पाणी जिथवर जाईल ती हद्द, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतनं एकदाच्या पुराची. मुठेसाठी निळी ६०,००० क्युसेकला आणि लाल १,००,००० क्युसेकला धरतात. दोन्हीच्या मधे बांधकाम करता येतं पण अटी असतात. त्यामुळे निळीच्या बाहेर म्हणजे सेफ असं होत नाही, लालच्या आत आहे का बाहेर ते विचारा आणि लेखी घ्या. शंभर वर्षांतनं एकदा याचा अर्थ आत्ता आला की पुढची नव्व्याण्णव वर्षं सुट्टी असाही नाही, दर वर्षी शंभरात एक अशी ती शक्यता आहे, लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो. आणि या रेषा नदीच्या आहेत, तुमच्या मागनं जाणाऱ्या ओढ्याला किती पाणी येतं ते वेगळं विचारावं लागतं.

मला वाटतं ओढ्याकाठच्या झोपडपट्ट्या एकदा हलवल्या की हा पुराचा प्रश्न कायमचा मिटेल. तुमचं मत? (कोथरूड)

काका, मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते नीट सांगते.

ओढ्याच्या कडेला लोक राहतात ते धोक्यात राहतात हे खरंच आहे, त्यांना चांगल्या जागी घरं मिळायलाच हवीत. पण पात्र अरुंद कशानं झालं ते एकदा कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत चालत जाऊन बघा. मी दोनदा चाललेय, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा दिवाळीनंतर. सोसायट्यांच्या कंपाउंड वॉल थेट पात्रात उतरल्यात. काही ठिकाणी ओढ्यावर स्लॅब टाकून वर पार्किंग केलंय. काही कलव्हर्टच्या, म्हणजे रस्त्याखालच्या छोट्या पुलांच्या मोऱ्या इतक्या लहान आहेत की त्यात एक गादी आणि चार फांद्या अडकल्या तरी वरचं सगळं पाणी रस्त्यावर येणार. राडारोड्याचे ट्रक रात्री येऊन कडेला रिकामे होतात. यातलं झोपडीत राहणाऱ्या माणसानं काय केलंय? सीमाभिंत बांधायची ऐपत असलेल्यांनीच ती बांधलीये.

२०२१ च्या जूनमध्ये दांडेकर पुलाजवळ आंबील ओढ्यालगतची घरं पाडायची कारवाई झाली, भर पावसाळ्यात, लोक रस्त्यावर आले, मग कोर्टाची स्थगिती आली. ओढा सरळ करायचा असं कारण तेव्हा सांगितलं गेलं. ओढा सरळ केला की पाणी जोरात पुढे जातं, म्हणजे वरच्यांचा त्रास कमी होतो आणि खालच्यांचा वाढतो. वळणं, डबकी, काठावरचा रिकामा पट्टा, हेच तर पाण्याचा जोर मोडतात. माझं मत विचारलंत म्हणून सांगते, आधी भिंती आणि स्लॅब काढा, मोऱ्या मोठ्या करा, वरती डोंगर फोडणं थांबवा, आणि गरिबांना हलवायचं तर पक्कं घर हातात देऊन हिवाळ्यात हलवा.

बावधनला फ्लॅट बघतोय. समोरनं रामनदी जाते, ब्रोशरमध्ये "रिव्हर व्ह्यू" लिहिलंय. जायच्या आधी काय बघू? (सध्या हिंजवडीत भाड्यानं)

रामनदी खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावून भूगाव, बावधन, पाषाण असं करत पुढे मुळेला मिळते. ऑक्टोबर २०१० मध्ये थोड्या वेळात प्रचंड पाऊस पडला आणि या एवढ्याशा नदीनं पाषाण-बावधनच्या पट्ट्यात जो धुमाकूळ घातला तो तिथल्या जुन्या लोकांना विचारा, त्यांना अजून आठवतो. तेव्हा पावसाळा जवळजवळ संपलेला होता हेही लक्षात ठेवा. जून-जुलै सुखरूप गेला की आपण निर्धास्त होतो, पण पुण्यातले ओढ्यांचे मोठे फटके परतीच्या पावसात, सप्टेंबर-ऑक्टोबरात बसलेत, कारण तो पाऊस दुपारनंतर ढग जमून एकदम कोसळतो.

काय बघायचं? साइट ऑफिसात बसू नका, खाली काठावर उतरा. झाडं बघा. बाभळीच्या, उंबराच्या फांद्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या, पेंढा अडकलेला असतो, तो कुठवर आहे ते बघा, गेल्या पुरात पाणी तिथवर होतं याची ती खूण आहे, तिला खोटं बोलता येत नाही. माझ्या डोक्याच्याही वर अडकलेली साडी मी पाहिलीये आणि तिथनं वीस पावलांवर एका सोसायटीचं बेसमेंट पार्किंग होतं. मग जवळचा पूल बघा, त्याच्या मोऱ्या किती, निम्म्या गाळानं भरल्यात का. मग टपरीवाला, दूधवाला, शेजारच्या जुन्या सोसायटीचा वॉचमन यांना विचारा की पाणी कुठपर्यंत येतं, हे लोक अगदी हातानं भिंतीवर दाखवतात. कागदावर बघायचं तर विकास आराखड्यात नाल्याची हद्द बघा आणि सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा मिळवा, त्यात प्रत्येक ओढा निळ्या रेघेनं दाखवलेला असतो. जुन्या नकाशात रेघ आहे आणि आज तिथे लॉन किंवा क्लब हाउस आहे असं दिसलं तर पाणी कुठनं जातंय ते बिल्डरला विचारा आणि उत्तर पटलं नाही तर उठून या. तळमजला आणि बेसमेंट असेल तर मी तरी घेणार नाही.

माझा मुलगा म्हणतो पानशेतचा पूर ढगफुटीनं आला. माझ्या सासूबाई तर म्हणायच्या की धरण फुटलं. त्या नारायण पेठेत होत्या, नंतर त्यांना सहकारनगरला जागा मिळाली आणि आम्ही आजही तिथेच आहोत. खरं काय ते मुलाला दाखवायचंय, छापून द्याल का? (सहकारनगर)

सासूबाईंचं बरोबर. ढगफुटीनं नाही, धरण फुटून आला तो पूर.

पानशेतचं धरण आंबी नदीवर, मुठेला वरती मिळणाऱ्या प्रवाहावर. काम १९५७ ला सुरू झालेलं, मातीचं धरण, पूर्ण व्हायला अजून अवकाश होता, तरी १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठवलं गेलं. पाणी बाहेर काढायचा जो बोगद्यासारखा मार्ग असतो त्याच्या काँक्रीटमध्ये सळया घातलेल्याच नव्हत्या, दारांचंही काम अर्धवट, आणि वरती पाऊस जोरात. त्या मार्गातनं पाणी उसळायला लागलं, वरची माती खचायला लागली. ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी धरणावर वाळूची पोती रचली, अंधारात, पावसात, धरण खचत असताना. त्यांच्यामुळे ते रात्री फुटलं नाही, १२ जुलैच्या सकाळी फुटलं. रात्री फुटलं असतं तर अख्खं शहर झोपेत असतं. त्या जवानांचे उपकार पुणं कधी फेडू शकेल असं मला वाटत नाही.

पानशेतचं पाणी खडकवासल्यात आलं. खडकवासल्याचं तेव्हाचं धरण एकोणिसाव्या शतकातलं, दगडी, विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये आपली स्वयंचलित दारं पहिल्यांदा बसवली ते हेच. एवढा लोंढा त्याला पेलणं शक्यच नव्हतं, काही तासांत तेही गेलं, आणि मग दोन धरणांचं पाणी मिळून पेठांत शिरलं. लकडी पूल, नवा पूल पाण्याखाली गेले. नारायण, शनिवार, कसबा, मंगळवार, सोमवार, नदीकडेचे सगळे वाडे. ते वाडे पांढऱ्या मातीचे आणि कच्च्या-पक्क्या विटांचे, ती माती भिजली की विरघळते, त्यामुळे पाणी चढताना जेवढे पडले तेवढेच पाणी उतरल्यावरही पडत राहिले. किती माणसं गेली याचे आकडे हजारापर्यंत सांगितले जातात. पुढे चौकशी झाली, नाईक आयोगाचा अहवाल आला. आणि एवढं पाणी येऊन गेल्यावर शहरात नळाला थेंब नाही, कारण खडकवासलाच राहिलं नव्हतं, तेव्हा पेठांतल्या आडांवर आणि विहिरींवर रांगा लागल्या.

माझी आजीही नारायण पेठेतलीच. डाळ शिजत होती, गल्लीतनं सायकलवर एक पोरगा ओरडत गेला, धरण फुटलं, पळा. तिनं स्टोव्ह बंद केला, देव पिशवीत घातले, मुलांना पुढे घातलं आणि दाराला कुलूप लावून पर्वतीच्या बाजूला निघाली. दोन दिवसांनी परत आली तेव्हा दार कुलपासकट जागच्या जागी उभं होतं आणि मागची भिंत नव्हती. कोठीतले गहू चिखलात पडून त्यांना मोड आले होते. ती कुलूप उघडूनच आत गेली, मागनं सगळं उघडं असताना, असं ती सांगायची आणि सांगताना तिचा आवाज दर वेळी भरून यायचा. ते कुलूप आमच्याकडे अजून आहे.

तर मुलाला हे दाखवा. आणि आणखी एक सांगा त्याला. पुरात घरं गेलेल्यांसाठी नंतर गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या, तुमच्या सासूबाईंना तशीच जागा मिळाली. नदीपासून लांब, उंचावर, म्हणून तिथे निर्धास्त झालेली ती माणसं. त्याच सहकारनगरच्या कडेनं आंबील ओढा जातो, आणि २०१९ च्या त्या रात्री पाणी तिथेच शिरलं. तुमच्या पत्रात सासूबाई त्या वेळी होत्या की नव्हत्या ते लिहिलेलं नाही. असल्या तर त्यांनी दोन्ही पूर पाहिले असतील, एक नदीचा आणि एक ओढ्याचा, त्यांनी काय सांगितलं असेल ते आठवत असेल तर मला जरूर लिहून पाठवा.